आधी डोकी, मग ठिकाणं



परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘काय काय पाहिलंत?’ मग तो यादी म्हणून दाखवतो आणि आपण मनातल्या मनात ठिकाणं मोजतो. मीही आज तुम्हाला लंडनमधल्या एका दिवसाबद्दल सांगणार आहे. त्या दिवशी आमच्या यादीत अकरा ठिकाणं होती आणि आम्ही पाहिली पाच. तरी दोन आठवड्यांच्या त्या प्रवासातला तोच दिवस आमच्या घरात पुन्हा पुन्हा निघतो. का, ते सांगते.

२०२३ सालचा जून महिना. आम्ही पाच जण होतो. मी, माझे यजमान, पंधरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या माझ्या सासूबाई. आई सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. सासरे जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून त्या घराबाहेर पडेनाशाच झाल्या होत्या. ‘आईला जरा बाहेर काढू या’ म्हणून तर हा सगळा घाट घातला होता. लंडनच्या उत्तरेला हेंडन नावाचा भाग आहे. तिथं यजमानांचे मावसभाऊ राहतात, त्यांच्याकडे आम्ही उतरलो होतो.

आदल्या रात्री यजमानांनी कागदावर दिवसाची आखणी केली. कोणतं ठिकाण, किती वाजता पोहोचायचं, किती वाजता निघायचं, सगळं मिनिटांच्या हिशोबात. आईंनी चष्मा लावून तो कागद वाचला आणि विचारलं, ‘यात चहा कुठं आहे रे?’ आम्ही सगळे हसलो. चहा काही कागदावर आला नाही.

सकाळी भुयारी रेल्वेनं निघालो. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १८५३ साली. त्यानंतर दहाच वर्षांनी, जानेवारी १८६३ मध्ये, लंडनकरांनी गाडी जमिनीखालून नेली, तीही वाफेच्या इंजिनाची! त्या धुराची कल्पना करा. आता सगळं विजेवर आहे. अकरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसाबरोबर तिकीट लागत नाही, हे कळल्यावर आमच्या चिरंजीवांना आपण फुकट असल्याचा भलताच अभिमान वाटला.

चेरिंग क्रॉसला उतरलो. सरकत्या जिन्यावर तिथं उजवीकडे उभं राहायचं आणि डावी बाजू घाईत असलेल्यांसाठी मोकळी सोडायची, असा शिरस्ता आहे. आई साडीच्या निऱ्या एका हातात आणि माझं मनगट दुसऱ्या हातात धरून मधोमध उभ्या. मागून ‘सॉरी, सॉरी’ सुरू झालं. मुलगी शरमेनं चार पायऱ्या पुढं जाऊन उभी राहिली. आपली आणि आजीची ओळखच नाही, असं दाखवत.

ट्रॅफल्गर चौकात आईंनी पिशवीतून पोळीचा तुकडा काढला. कबुतरांना घालायला. मुलीनं मोबाइलवर शोधून सांगितलं, की २००३ पासून इथं कबुतरांना खायला घालायला बंदी आहे. आईंनी तुकडा मुकाट्यानं परत ठेवला. चौकाच्या वरच्या अंगाला नॅशनल गॅलरी आहे. कागदावर तिला वीस मिनिटं होती. जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. लंडनमधली बरीचशी मोठी संग्रहालयं सर्वांना फुकट खुली आहेत. चित्रांतलं काही कळो न कळो, वयस्कर माणसाला टेकायला बाक आणि स्वच्छतागृह, या दोन गोष्टी तिथं हमखास मिळतात. आई एका बाकावर बसल्या आणि समोरच्या चित्राकडे बघत राहिल्या. यजमान घड्याळाकडे बघत राहिले.

तिथून व्हाइटहॉलच्या रस्त्यानं चालत निघालो. हॉर्स गार्ड्सच्या दारात लाल डगल्यातले घोडेस्वार पुतळ्यासारखे बसलेले असतात. जवळच पाटी आहे, ‘घोडे चावतील किंवा लाथ मारतील, सावध राहा.’ चिरंजीवांना सबंध लंडनमध्ये सर्वांत आवडलेली गोष्ट ती पाटी. पुढं पार्लमेंटचा चौक. तिथं गांधीजींचा पुतळा आहे, २०१५ साली बसवलेला. अंगाभोवती शाल लपेटून उभे आहेत. त्याच चौकात चर्चिलही आहेत. ‘अर्धनग्न फकीर’ म्हणून ज्याची हेटाळणी केली, तोच असा शेजारी येऊन उभा राहील, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसेल. आईंनी चपला काढून नमस्कार केला. यजमान म्हणाले, ‘आई, चल गं, अकरा वाजायला आले.’

आणि अकरा वाजले. बिग बेन हे त्या मनोऱ्याचं नाव नाही, आतल्या घंटेचं आहे. साडेतेरा टनांहून जड घंटा. डागडुजीसाठी ती काही वर्षं बहुतेक गप्पच होती. २०२२ च्या नोव्हेंबरपासून पुन्हा नियमित वाजू लागली. आईंनी अकराही ठोके मोजले आणि म्हणाल्या, ‘आमच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा होता. पण आवाज असाच लांबवर जायचा.’ त्यांना आणखी काही सांगायचं होतं. पण पुढं टॉवर ऑफ लंडन होता आणि आम्ही कागदाच्या पंचवीस मिनिटं मागं होतो.

वेस्टमिन्स्टर स्टेशनात शिरलो. हे स्टेशन १८६८ सालचं. फलाटावर तुडुंब गर्दी. गाडी आली. ‘चला, चला,’ यजमान ओरडले. मुलं टुणकन आत गेली, त्यांच्यामागं मी, माझ्यामागं हे. टीं टीं टीं असा आवाज झाला आणि दारं मिटली. मी वळून पाहिलं. काचेच्या पलीकडे फलाटावर आई उभ्या होत्या. एक पाय जरासा उचललेला, हातात निऱ्या. गाडी हलली. त्यांनी हाक मारली नाही की हात हलवला नाही. नुसत्या आमच्याकडे बघत होत्या. मग बोगद्याची काळी भिंत आली.

श्रोतेहो, पुढचं स्टेशन दोन मिनिटांवर होतं. त्या दोन मिनिटांत आम्ही एकमेकांना काय काय बोललो, ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. त्यांचा मोबाइल होता, पण रोमिंगचं बिल येईल म्हणून आम्हीच तो बंद करून ठेवायला लावला होता. घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी होती, ती माझ्या पर्समध्ये. मुलगी रडायला लागली. म्हणत होती, ‘मी आजीचा हात धरायला हवा होता.’ यजमान काहीच बोलत नव्हते. आखणीचा कागद त्यांनी मुठीत चुरगाळला होता आणि ते त्यांच्या लक्षातही नव्हतं.

एम्बँकमेंट स्टेशनात उतरलो, जिना चढून-उतरून समोरचा फलाट गाठला आणि उलटी गाडी पकडली. वेस्टमिन्स्टरला आमची गाडी निघून गेली आणि रुळांपलीकडचा फलाट दिसला. तिथं बाकावर आई बसल्या होत्या. शेजारी रेल्वेची एक कर्मचारी बाई उभी होती. दोघींचं काहीतरी बोलणं चाललं होतं. हातवारे होते आणि हसणंही होतं.

आम्ही धावत पलीकडे गेलो. यजमान म्हणाले, ‘आई, अगं चुकलीस कशी?’

आई शांतपणे म्हणाल्या, ‘मी कुठं चुकले? मी होते तिथंच आहे. चुकलात तुम्ही.’

मग म्हणाल्या, ‘तीस वर्षं शाळेच्या सहली काढल्या मी. पन्हाळा, रायगड, महाबळेश्वर. पोरांना एकच शिकवलं. चुकलात तर जिथं चुकलात तिथंच थांबायचं, हलायचं नाही, बाई शोधत येतील. आणि स्वतःला एक नियम लावून घेतला होता. गाडी हलायच्या आधी डोकी मोजायची. किल्ला राहिला तरी चालेल, पोर राहता कामा नये.’ जरा थांबून म्हणाल्या, ‘सकाळपासून तू घड्याळ मोजतोयस रे. डोकी एकदाही मोजली नाहीस.’

यजमानांनी तो चुरगाळलेला कागद खिशात टाकला. त्या कर्मचारी बाईचे आम्ही आभार मानले. तिनं आम्हाला जाताना सांगितलं, की ताटातूट झाली तर असंच करावं. मागं राहिलेल्यानं जागा सोडू नये, पुढं गेलेल्यांनी पुढच्याच स्टेशनात उतरून परत यावं. फलाटावर मदतीसाठी बटण असलेली खूण असते, ते दाबावं. म्हणजे आमच्या बाईंचा सहलीचा नियम आणि लंडनचा नियम एकच निघाला. लहान मुलांना आपण हे सांगतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी निघण्यापूर्वी पाच मिनिटं बसून बोलायचं मात्र राहून जातं.

टॉवरला गेलो, पण आता आईंच्या चालीनं. तिथं राजघराण्याचे जडजवाहीर ठेवलेत. मुकुटांसमोर गर्दी खोळंबू नये म्हणून सरकता पट्टा आहे. त्यावर उभं राहायचं आणि कोहिनूर बघत बघत पुढं सरकायचं. १९३७ साली घडवलेल्या एका राणीच्या मुकुटात तो बसवला आहे. नजर ठरेपर्यंत आपण पुढं गेलेलो असतो. चिरंजीव तीनदा फेरी मारून आले. मी त्याला सांगितलं, की १८४९ साली इंग्रजांनी हा हिरा ज्या राजाकडून घेतला, तो महाराजा दुलीपसिंग तेव्हा दहा वर्षांचा होता. ‘म्हणजे माझ्याएवढा?’ त्यानं विचारलं.

जवळजवळ तेवढाच. आणि त्याच्याही आधी, तो जेमतेम नऊ वर्षांचा असताना, इंग्रजांनी त्याच्या आईला, महाराणी जिंदकौरला, त्याच्यापासून दूर नेलं होतं. मायलेकरांची पुन्हा भेट झाली ती १८६१ साली कलकत्त्यात, तेरा वर्षांहून अधिक काळानंतर. तोवर तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. तो तिला इंग्लंडला घेऊन आला. १८६३ मध्ये ती लंडनमध्येच वारली. पुढच्या वर्षी त्यानं तिचा देह हिंदुस्थानात आणला आणि अंत्यसंस्कार कुठं केले असतील? आपल्या नाशकात, गोदावरीच्या काठी. तिथं तिची छोटी समाधीही बांधली. १९२४ साली तिच्या अस्थी लाहोरला नेण्यात आल्या.

प्रवासापूर्वी वाचलेलं हे सगळं मी बाहेरच्या अंगणात आईंना सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, ‘हिऱ्याच्या पेटीवर ते कोण लिहिणार म्हणा.’

कागदावर पुढं बोटीनं ग्रिनिच होतं आणि आणखीही बरंच काही. यजमान स्वतःहून म्हणाले, ‘राहू दे.’ आम्ही थेम्सच्या काठी बाकावर बसलो. डब्यातले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. चहा विकत आणला, कागदी पेल्यांतून. समोर टॉवर ब्रिज होता. १८९४ सालचा हा पूल मोठं जहाज आलं की मधोमध दुभंगून वर उचलला जातो. आमच्या नशिबानं तो तासाभरानं उचललाही गेला. मुलगी आजीच्या खांद्याला टेकून बसली होती. आणि सकाळची अर्धी राहिलेली गोष्ट आईंनी तिथं पुरी केली. ती शाळेची घंटा, म्हणजे तो रुळाचा तुकडा, माझ्या सासऱ्यांनी मिळवून आणला होता. लग्नाआधी. शाळेत यायला निमित्त हवं म्हणून. हे यजमानांनाही ठाऊक नव्हतं.

परतताना एम्बँकमेंटला गाडी बदलायची होती. हेंडनकडे जाणाऱ्या नॉर्दर्न लाइनचा तो फलाट चांगलाच वळणदार आहे, त्यामुळे गाडी आणि फलाट यांत मोठी फट पडते. म्हणून तिथं सारखी सूचना होते, ‘माइंड द गॅप’, फट सांभाळा. आईंनी विचारलं, ‘हा आवाज बाकीच्यांपेक्षा वेगळा का गं?’

आदल्या रात्री मावसदिरांनी ती हकिगत सांगितली होती. हा आवाज ऑस्वाल्ड लॉरेन्स नावाच्या नटाचा. त्यानं ही सूचना कित्येक दशकांपूर्वी ध्वनिमुद्रित केली. तो २००७ साली गेला. त्याची पत्नी पेशानं डॉक्टर. त्याचा आवाज ऐकण्यासाठी ती या स्टेशनात येऊन बसायची, कधी कधी मुद्दाम गाडी सोडून द्यायची. २०१२ च्या अखेरीस नवी यंत्रणा आली आणि तो आवाज बंद झाला. तिनं रेल्वेकडे विचारणा केली. त्यांनी तिला ते ध्वनिमुद्रण दिलं आणि २०१३ मध्ये या एका फलाटावर तो आवाज पुन्हा सुरू केला. एवढ्या धावपळीच्या शहरानं एका बाईसाठी केलेली ही गोष्ट.

मी सांगत होते तेवढ्यात गाडी आली. आई बाकावरून उठल्या नाहीत. म्हणाल्या, ‘ही जाऊ दे का? पुढचीनं जाऊ.’

आम्ही सगळे बसून राहिलो. गाडी गेली. फलाट जरा रिकामा झाला. तो आवाज पुन्हा आला आणि आईंनी डोळे मिटून ऐकला.

पुढची गाडी आली, तेव्हा यजमान दाराशी आडवे उभे राहिले आणि बोटानं दाखवत मोठ्यानं म्हणाले, ‘आई एक, तू दोन, पोरं तीन-चार आणि मी पाच. चला, आता चढा.’

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)