अंतर नकाशाचे, वेळ उंबरठ्याची

वाघोटण खाडीच्या वरच्या अंगाला वसलेल्या खारेपाटणला अंतराचा हिशेब नवा नाही. दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्ट याच्या शके 930 (इ. स. 1008) मधील, खारेपाटण येथेच मिळालेल्या ताम्रपटात देवस्थानाला जी उत्पन्ने लावून दिली आहेत, त्यांत परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे सोन्याचा एक गद्याण आणि कंदलमूलीय या ठिकाणाहून येणाऱ्या गलबतामागे सोन्याचा एक धरण (गद्याण व धरण ही सोने मोजण्याची त्या काळची माने) घ्यावा, असे नमूद आहे, म्हणजे गलबत कोठून आले यावर त्याचे देणे ठरत होते.

आजच्या विमानप्रवासात दोन ठिकाणांमधले अंतर महावृत्ताने मोजतात. पृथ्वीच्या गोलावरील दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग ज्या वर्तुळावरून जातो आणि ज्याचे केंद्र पृथ्वीच्याच केंद्राशी असते, ते महावृत्त होय. अक्षांशाच्या एका मिनिटाइतके अंतर म्हणजे एक सागरी मैल, अर्थात 1852 मीटर. मुंबई आणि दक्षिण कोकणातील परुळ्याजवळील चिपी येथील विमानतळांच्या अक्षांशांत सुमारे 3 अंश 5 मिनिटांचा फरक असल्यामुळे दक्षिणोत्तर अंतर 185 सागरी मैल, म्हणजे जवळपास 343 किलोमीटर भरते आणि चिपी किंचित पूर्वेला असल्याने सरळ अंतर सुमारे 350 किलोमीटरवर जाते.

9 ऑक्टोबर 2021 रोजी चिपी विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा या मार्गावर ताशी सुमारे 500 किलोमीटर वेगाने जाणारे पंख्याचे एटीआर विमान आले. या वेगाने 350 किलोमीटरला पाऊण तासही लागू नये. तरी वेळापत्रकात सुमारे दीड तास धरलेला असे. याचे कारण असे की, विमान उभे असलेल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा सगळा काळ वेळापत्रकात मोजला जातो आणि त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढताना आणि उतरताना कमी झालेला वेग, तसेच मुंबईच्या आकाशात घालाव्या लागणाऱ्या घिरट्या हे सारे येते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत, हेही या खोळंब्याचे एक कारण आहे.

या विमानाने जाऊ पाहणाऱ्या खारेपाटणच्या प्रवाशापुढे आणखी एक पेच असे. मुंबई त्याच्या उत्तरेला, सरळ रेषेत सुमारे 290 किलोमीटरवर आहे. पण विमान गाठण्यासाठी त्याला आधी कणकवली-कुडाळमार्गे सुमारे 90 किलोमीटर दक्षिणेला जावे लागे आणि मग विमानात बसून, जेथून निघाला त्याच अक्षांशावरून पुन्हा उत्तरेकडे यावे लागे. रस्त्याचे दोन-सव्वादोन तास, विमानतळावर आधी पोहोचण्याचा दीड तास, वेळापत्रकातील दीड तास आणि मुंबईत सामान घेऊन घर गाठण्याचा तासभर धरला, तर बेरीज सहा तासांच्या घरात जाई. कणकवलीहून सुटणाऱ्या जलद रेल्वेगाडीचा वेळ याहून फारसा वेगळा नाही. उलट हैदराबाद किंवा बेंगळुरूला जायचे असेल आणि चिपीहून तेथे विमान मिळत असेल, तर हाच 90 किलोमीटरचा फेरा सार्थकी लागतो, कारण तेथे रस्त्याचा किंवा रेल्वेचा प्रवास त्याहून कितीतरी लांबतो.

तेव्हा दोन शहरांमधील उड्डाणाचा वेळ पाहताना प्रवाशाने तिकिटावरच्या आकड्यावर थांबू नये; स्वतःच्या उंबरठ्यापासून दुसऱ्या उंबरठ्यापर्यंतचे तास कागदावर मांडावेत आणि मगच विमान की रेल्वे हे ठरवावे.