ताण आणि तडा

आमचे शिक्षण क्रेनच्या साखळीखाली झाले. साखळीवर ‘दहा टन’ असा आकडा दिसला की मुकादम निर्धास्त. पण ताण सोसणे निराळे आणि तडा सोसणे निराळे.

अमेरिकेत ओहायो नदीवर १९२८ साली सिल्व्हर ब्रिज उभा राहिला. त्याच्या पट्ट्यांचे पोलाद ताणाला भक्कम, पण चिवटपणात उणे. एका पट्टीच्या भोकात, नजर पोहोचत नाही अशा जागी, गंज व ताण यांनी जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर पाडली. १५ डिसेंबर १९६७ रोजी पट्टी तुटली. जोडीला पट्टी एकच. तिलाही भार पेलवेना. सारा पूल कोसळला, ४६ माणसे गेली.

तेव्हा साखळी तपासण्यासाठी तासभर काम थांबवा, असे आम्ही म्हणतो, त्याला कामचुकारपणा म्हणू नका.