विटाळ, विज्ञान आणि आपले प्रश्न

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



'विज्ञान आणि अंधश्रद्धा' असा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर दोन तट उभे राहतात. एकीकडे प्रयोगशाळा, पुरावा, डॉक्टर. दुसरीकडे अंगारा, देवऋषी, अंगात येणं. पहिल्या बाजूनं उभं राहायचं आणि दुसरीशी भांडायचं, एवढं ते सोपं वाटतं. हे भांडण खोटं नाही. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतरच आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. पण बायकांच्या बाजूनं पाहिलं तर या दोन तटांमधली भिंत वाटते तेवढी पक्की नाही. आज मी उदाहरण घेणार आहे ते पाळीचं.

पाळीतल्या बाईचा हात लागला की लोणचं नासतं, पापड लाल पडतात, तुळस सुकते, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. याला आपण अडाणी समजूत म्हणतो. पण १९२० साली व्हिएन्नातल्या बेला शिक या डॉक्टरनं जवळपास हेच वैद्यकीय नियतकालिकात छापलं. हा कुणी भोंदू नव्हता. घटसर्पासाठीची 'शिक चाचणी' त्याच्याच नावाची. त्यानं मोलकरणीला फुलं पाण्यात ठेवायला सांगितली, ती सुकली, आणि आपली पाळी चालू असल्यामुळे ती सुकली, असं तिनं सांगितलं. मग त्यानं पाळी असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या हातात फुलं देऊन पाहिली, पिठाचा गोळा फुगतो की नाही तेही पाहिलं. निष्कर्ष काढला: पाळीच्या काळात बाईच्या शरीरात विष असतं. पुढे या विषाला 'मेनोटॉक्सिन' म्हटलं गेलं. अमेरिकेतही त्यावर प्रयोग झाले. असं विष कधीच हाती लागलं नाही. तरीही १९७४ साली 'लॅन्सेट'सारख्या प्रतिष्ठित वैद्यकीय साप्ताहिकात त्याची चर्चा चालू होती. चोपन्न वर्षं!

आता विचार करा, इतकी फुलं सुकतात, कुणाच्याही हातात सुकतात. मग प्रश्न बाईच्या हातावरच का आला? कारण उत्तर आधीच समाजात तयार होतं. प्रयोगानं त्याला पांढरा कोट चढवला, इतकंच.

लुडविक फ्लेक नावाच्या पोलिश डॉक्टरनं १९३५ साली एक पुस्तक लिहून हीच गोष्ट तपासली. त्याचं उदाहरण होतं सिफिलिस, म्हणजे गरमी या रोगाचं. या रोग्याचं रक्त 'बिघडलेलं' असतं ही समजूत शेकडो वर्षांची. रक्ताची तपासणी नंतर, १९०६ साली आली. शास्त्रज्ञांनी त्या रक्तात इतका चिवट शोध घेतला, त्यामागे ती जुनी समजूतही होती, असं फ्लेक म्हणतो. इथे तपासणी उपयोगी ठरली, मेनोटॉक्सिन पोकळ निघालं. म्हणजे समजुतीतून निघालेलं सगळंच खोटं असतं असं नाही. पण शास्त्रज्ञ एकटा विचार करत नाही, त्याचा गट, त्याचा समाज त्याच्याबरोबर विचार करत असतो. आणि त्या गटात बायका, कष्टकरी, दलित नसतील, तर त्यांचे प्रश्नही नसतात.

एमिली मार्टिन या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ साली वैद्यकाची पाठ्यपुस्तकं वाचून दाखवून दिलं, की पाळीचं वर्णन त्यांत 'अपयश' म्हणून येतं. गर्भ राहिला नाही, म्हणून अस्तर 'मोडून' पडतं. पण ज्या बाईला त्या महिन्यात मूल नकोच आहे, तिचं कसलं अपयश? माहिती खोटी नाही, पण शब्दांत मात्र बाई म्हणजे मूल तयार करणारा कारखाना ही विचारसरणी भरलेली आहे.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर बीडकडे चला. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, अशी ओरड झाल्यावर २०१९ साली सरकारनं समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण सुमारे तीन टक्के होतं. तुलना ढोबळ आहे, पण फरक डोळ्यांत भरतो.

असं का झालं? अंगावरून पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून बाई डॉक्टरकडे जाते. तिला कॅन्सरची भीती घातली जाते. फडावर ना संडास, ना पाणी. नवरा-बायको मिळून एक कोयता, खाडा झाला की मुकादमाचा दंड, डोक्यावर उचल. आणि मनात लहानपणापासून ठसलेलं, की पाळी म्हणजे घाण, मुलं झाल्यावर पिशवीचा उपयोग काय? इथे विटाळ, वैद्यक आणि मुकादमाचा हिशोब एका टेबलावर एकत्र येतात. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर बाईची हाडं अकाली ठिसूळ होतात, हे तिला सांगायचं राहून जातं. यात अंधश्रद्धा कुठली आणि विज्ञान कुठलं, सांगा बरं?

उलट दिशेनंही हेच चालतं. आता विटाळ पाळायला सांगणारे 'ऊर्जे'ची भाषा बोलतात. बाईला विश्रांती मिळावी म्हणून पूर्वज तिला बाजूला बसवत, असं सांगतात. विश्रांतीच द्यायची होती, तर तिला शिवू नये हा नियम कशाला? आणि ऊस तोडणाऱ्या बाईला ती विश्रांती कोण देतं?

म्हणून विज्ञान सोडून द्या, असं मी म्हणत नाही. मेनोटॉक्सिन नाही, हेही अखेर तपासूनच कळलं. शिकस्त करून तपासणं, दुसऱ्याला तपासू देणं, ही विज्ञानाची ताकद आपली आहे. पण डॉक्टर म्हणतात म्हणून मान तुकवणं हा विज्ञानवाद नव्हे, ती नवी पोथी झाली.

गावागटांत बोलताना तीन प्रश्न हाताशी ठेवू या. हे कशावरून म्हणता? हा प्रश्न कुणी आणि कुणाला विचारून ठरवला? आणि या उत्तरातून फायदा कुणाचा होतो, किंमत कोण मोजतं? देवऋषीला विचारा, डॉक्टरांना विचारा, सरकारी अधिकाऱ्यांना विचारा. आणि आपल्या संघटनेलाही विचारा. उत्तर द्यायला जो चिडतो, तिथे आपण थोडं जास्त वेळ थांबायचं.