माळरान पडीक नसते
(मुरुड, ता. दापोली येथील भाषणाचा मजकूर)



दिवाळी उलटली, भाताची कापणी आटोपली की घाटापलीकडचे धनगर मेंढरांचे कळप घेऊन कोकणात उतरतात. दापोलीच्या या पट्ट्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. फलटण, माण, खटाव या तालुक्यांत तो जेमतेम ५००. या विषमतेतूनच मेंढपाळांनी आपले शास्त्र उभे केले. रिकाम्या खाचरांत कळप बसवायचा, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य वा पैसे घ्यायचे, आणि मेंढरांना कोकणची ओल सोसत नाही म्हणून पावसाळ्यापूर्वी पुन्हा घाट चढायचा.

माळही सगळा सारखा नसतो. ओढ्याकाठी मारवेल, मुरमाड उतारावर कुसळी, उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा. कळप एकाच जागी बारमाही राहिला तर मारवेल, पवन्या ही चांगली गवते खुरटतात आणि कुसळी माजते. म्हणजे भटकंती हा मागासलेपणा नव्हे. ते कुरणाचे नियोजन आहे.

१९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी सामायिक कुरणाचा नाश अटळ असल्याचे प्रतिपादन केले. परंतु त्यांनी गृहीत धरलेले कुरण सामायिक नव्हते, बेवारशी होते. लोक आपसांत नियम ठरवून सामायिक संपत्ती राखू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपली शासनव्यवस्था मात्र हार्डिन यांच्याच वाटेने चालते. १९२७ च्या वन कायद्याने राखीव वनातील चराई गुन्हा ठरविली. सरकारी नकाशांत माळरानांची गणना पडीक जमिनीत होते. जे पडीक, ते कोणालाही देता येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा चराईचा हक्क मान्य केला खरा. पण दावा ग्रामसभेपुढे मांडावा लागतो. वर्षातील कित्येक महिने वाटेवर असणाऱ्याने तो कोणत्या गावी मांडावा?

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांच्यासाठी जाहीर केले आहे. समारंभांनी गवत उगवणार नाही. गावोगावच्या गायरानांची मोजणी, कळपांच्या वाटांची नोंद आणि मेंढपाळांच्या वतीने ग्रामसभेत दावे, ही कामे कार्यकर्त्यांची आहेत. माळावर भार किती असावा, याचे नियमही शेतकरी आणि मेंढपाळ यांनी एकत्र बसून ठरविले पाहिजेत. जमीन कसणाऱ्याची, ही घोषणा आपण दिली. जमीन चारणाऱ्याचे काय, याचे उत्तर अद्याप द्यावयाचे आहे.