आठवण गेल्यावर उरणारा माणूस



मिरज, हुबळी आणि गोवा या तिन्ही वाटा लोंढ्यात एकत्र येतात. मराठी, कन्नड, कोकणी इथे एकाच फलाटावर कानी पडतात. अशा गावात कथेतल्या स्मृतिभ्रंशाविषयी बोलताना मी एकच प्रश्न मांडणार आहे : माणूस स्वतःला विसरला, तर त्याची ओळख कोण सांभाळतो?

महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला विसरलेला नसतो. सारे आठवत असूनही तो तिला भर सभेत नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली, आणि राजा दोषातून सुटला. तरी त्या नाटकात राजाच्या विस्मरणाची शिक्षा भोगते ती शकुंतलाच. तिच्याजवळ सगळ्या आठवणी आहेत, पण समोरचा ओळख देत नाही म्हणून ती कोणाचीच उरत नाही. डोक्यावर मार बसून गेलेली स्मृती दुसऱ्या माराने परत आणणाऱ्या चित्रपटांना हे दुःख दिसत नाही.

मंटोच्या 'टोबा टेकसिंग'मधला बिशनसिंग लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळात आपले गाव कुठे आहे, एवढेच विचारत राहतो. त्याला गाव आठवते. ते कोणत्या देशात गेले, हे मात्र कोणी धड सांगत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. फाळणीच्या यातनांशी मी त्याची तुलना करणार नाही. पण घर जागचे न हलता पत्ता बदलतो म्हणजे काय, हे सीमाभागातल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

आता सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' आठवा. संस्कृतचे पंडित चक्रपाणि शास्त्री अल्झायमरने ग्रासलेले आहेत. हत्तीच्या ओढीने ते त्याच्यामागे जातात आणि घरच्यांपासून हरवतात. माहुताची बायको चन्नम्मा कन्नड बोलणारी. तिला त्यांची विद्वत्ता ठाऊक नाही. ती त्यांना लेकरासारखे सांभाळते आणि त्यांना तिच्यात आई दिसते. नाव गेले, विद्या गेली, भाषाही एक नाही. तरी एका माणसाने दुसऱ्याला ओळखले.

म्हणून लिहिणाऱ्यांना माझे सांगणे आहे, विसरणाऱ्याइतकेच त्याच्या समोरच्या माणसाकडे पाहा. मराठी विसरत चाललेली आजी आणि तिला कन्नडमधून जेवू घालणारी बाई, या दोघींची कथा आपल्या भागात सहज घडू शकते. शिक्षकांनी वर्गात विचारावे : या कथेत कोण विसरले, आणि कोण विसरले गेले?

म्हातारा बाप मुलाला विचारतो, "आपण कोण?" पुष्कळ कथा इथे संपतात. तुम्ही तिथे थांबू नका. मुलगा काय उत्तर देतो, ते लिहा.