पौलाचं पत्र आणि १८६९चा कायदा



चर्चमधल्या लग्नात बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा उतारा वाचतात, तेव्हा पत्नीने पतीच्या अधीन राहावं, एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहतं. पुरुषांच्या तर नक्कीच! त्याच्या लगेच आधी सर्वांनी एकमेकांच्या अधीन असावं असं म्हटलंय, ते मात्र विसरलं जातं.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल आणखी स्पष्ट बोलतो. पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार आहे, असं तो म्हणतो. रोमी साम्राज्यात यात कुणाला काय नवल वाटणार? पण लगोलग पतीच्या शरीरावर पत्नीचाही तसाच अधिकार आहे, असं तो लिहितो. काही काळ दूर राहायचं तर तेही दोघांच्या संमतीने. म्हणजे एकनिष्ठेचं माप दोघांना एकच, आणि शय्येवरही एकट्याची हुकमत नाही.

आता याच मापाने ब्रिटिश सरकारने इथल्या ख्रिस्ती लोकांसाठी केलेला १८६९चा घटस्फोट कायदा पाहा. पत्नीचा व्यभिचार सिद्ध झाला की पतीला घटस्फोट मिळे. पतीच्या व्यभिचाराने पत्नीचं भागत नसे. सोबत क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग अशी आणखी जोड लागे. नुसती मारहाण सोसणाऱ्या बाईला तर घटस्फोट नाहीच. शिवाय पत्नीच्या प्रियकराकडून नुकसानभरपाई मागण्याची सोय पतीला होती, जणू कुणी शेतातलं पीक कापून नेलं!

इंग्लंडने व्यभिचाराबाबतचा हा भेद १९२३ साली काढला. आपल्याकडे विधी आयोगाने ख्रिस्ती विवाह कायद्यावर १९६० मध्ये अहवाल दिला, तरी कायदा हलला नाही. १९९५ साली केरळच्या आणि १९९७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने पत्नीवरच्या या जाचक अटी घटनाबाह्य ठरवल्या, आणि २००१ मध्ये संसदेने दुरुस्ती केली. नुकसानभरपाईचं कलमही तेव्हाच गेलं.

विवाहबंधन अतूट आहे, म्हणून घटस्फोट सोपा करू नये, असा युक्तिवाद अनेक श्रद्धाळू करतात. कॅथलिक चर्च आजही दिवाणी घटस्फोटाने विवाह मोडला असं मानत नाही. लग्नाच्या वेळची संमती खरी आणि मोकळी होती का, हे ते आपल्या न्यायासनापुढे तपासतं. ही भूमिका मला समजते. पण १८६९च्या कायद्याने ते बंधन अतूट ठेवलंच नव्हतं. पतीसाठी ते सैल केलं आणि पत्नीसाठी आवळलं. ते १३२ वर्षं चाललं, आणि त्याचा जाब चर्चमधल्या आपण पुरुषांनी फारसा कधी मागितला नाही.