मोहल्ल्याची बैठक आणि पोलीस



भिवंडीची ख्याती यंत्रमागांचे शहर म्हणून. परंतु १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी त्या नावाला निराळीच काळी किनार लाभली. १९७० च्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या वर्तनावरही ठपका ठेवला होता. अशा गावी पोलिसाने ‘विश्वास ठेवा’ असे नुसते म्हणून कोण ठेवणार?

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून तेथे आलेले सुरेश खोपडे यांनी या प्रश्नाला हात घातला. शांतता समित्या पूर्वीही होत्याच. पण त्यांत पुढारी आणि प्रतिष्ठित मंडळी बसत, आणि बैठक भरे ती सण तोंडावर आला किंवा वातावरण तापले म्हणजे. (चहापानापलीकडे त्यांतून किती निष्पन्न होई, हे जाणकारांस ठाऊक आहेच.) खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत सामान्यांच्या समित्या उभ्या केल्या. मागावरचा कामगार, किरकोळ दुकानदार, फेरीवाला, असे दोन्ही समाजांचे लोक एकत्र बसू लागले. विषयही साधेच असत: नळाचे पाणी, तुंबलेले गटार, शेजाऱ्यांचे भांडण. या किरकोळ वाटणाऱ्या बोलण्यातूनच शिपायाला घरे माहीत झाली आणि घरांना शिपाई. अफवा उठली की ती खरी की खोटी, हे विचारण्यासाठी ओळखीचे माणूस मिळाले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्या निघाल्या.

हा विश्वास एकदा मिळविला म्हणजे कायमचा, असे मात्र नव्हे. जुलै २००६ मध्ये याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या वादातून दंगल उसळली आणि दोन पोलीस शिपायांचा बळी गेला.

२०१४ साली कल्याणचे चार तरुण घर सोडून इराकमध्ये गेले, तेव्हा प्रश्नाचे स्वरूपही बदलले. मुलाच्या हाती कोणते साहित्य आहे, तो अबोल का झाला, हे प्रथम कळते ते आईबापांना, पोलिसांना नव्हे. बोलावे तर मुलगा तुरुंगात जाईल, ही धास्ती असेल तोवर ते गप्पच राहतील. म्हणून ठाण्यातला अधिकारी मुलाला समजावू पाहतो की केवळ गुन्हा नोंदवू पाहतो, हे त्या आईबापांना आधीपासून ठाऊक असावे लागते. ते ठाऊक होते नळावरच्या भांडणाच्या वेळी.